मायक्रोफोनचा ठिपका पुन्हा पुन्हा का उजळतो? छुपे ॲप काढूनही परत येण्याची कारणे आणि उपाय

तक्रार बहुधा ठरावीक असते. फोन उशाशी ठेवलेला असतो, घरात कोणी बोलत नसते, तरी पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका उजळतो. किंवा माजघरात झालेले बोलणे दोन दिवसांनी तिसऱ्याच माणसाच्या तोंडून कानी येते. मग कोणीतरी जाणता माणूस फोन पाहतो, एखादे अनोळखी ॲप काढून टाकतो, आठवडाभर सारे ठीक चालते आणि पुन्हा तोच ठिपका दिसू लागतो. चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडी या पट्ट्यात लोकांचे फोन पाहून देणाऱ्या कोणालाही ही तक्रार नवी नाही. ती परत परत येते, कारण ॲप काढले जाते, पण ते ज्या वाटेने आत आले ती वाट तशीच उघडी राहते. भातशेतीच्या बांधाला कुर्ल्यांनी पाडलेल्या भोकांपैकी एकच बुजवले तर खाचरातले पाणी थांबत नाही, तसाच हा प्रकार आहे. म्हणून या लेखात ॲप काढण्यापेक्षा वाट शोधण्यावर अधिक भर दिला आहे.

आधी खात्री करावी: हे खरोखर ऐकणे आहे का

बॅटरी लवकर उतरते आणि फोन तापतो, म्हणजे कोणीतरी आत बसून ऐकत आहे, असा समज सर्वत्र आहे. कोकणात तरी या लक्षणावर विसंबू नये. सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या दऱ्याखोऱ्यांतील वाड्यांत टॉवरचा सिग्नल क्षीण असतो, आणि सिग्नल जितका क्षीण तितकी अधिक शक्ती लावून फोन टॉवरशी संपर्क टिकवतो किंवा नवा टॉवर शोधत राहतो. त्यातच बॅटरी जाते आणि फोन गरम होतो. कोकण रेल्वेने प्रवास करताना, विशेषतः करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यासारख्या ठिकाणांहून जाताना, फोन वारंवार नेटवर्क गमावतो आणि शोधतो, त्यामुळे रत्नागिरीला पोहोचेपर्यंत बॅटरी अर्धी झालेली दिसली तर त्यात नवल नाही. पावसाळ्यात वीज गेल्यावर जवळचा टॉवर बंद पडतो आणि फोन दूरच्या टॉवरला चिकटून राहतो, तेव्हाही हेच घडते. संशय तपासायचा असेल तर विमान मोड लावून, मग चांगले वाय-फाय तेवढे पुन्हा चालू करून, एक रात्र पाहावी. तेवढ्याने बॅटरी टिकली तर दोष बहुधा नेटवर्कचा आहे.

डेटा अधिक खर्च होतो का, हे पाहण्याचा सल्लाही नेहमी दिला जातो. तो अर्धवटच उपयोगी आहे. माणसाचे बोलणे दाबून साठवले तर तासाभराचे ध्वनिमुद्रण साधारण पाच ते पंधरा एमबीत मावते, आणि रोज दीड जीबी वापरणाऱ्या घरात ते कोणाच्या लक्षात येणार नाही. एकूण खर्च पाहण्यापेक्षा ॲपनिहाय खर्चाची यादी उघडावी आणि ज्या ॲपला इंटरनेटची गरजच नाही, उदाहरणार्थ टॉर्च किंवा कॅलक्युलेटर, ते पडद्यामागे डेटा वापरत आहे का ते पाहावे.

तिसरा संशय जाहिरातींचा. अंगणात आंब्याच्या पेट्यांविषयी बोलणे झाले आणि संध्याकाळी फोनवर पेट्यांचीच जाहिरात आली, हा अनुभव अनेकांनी घेतला आहे. अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये सतरा हजारांहून अधिक अँड्रॉइड ॲप्स तपासली. त्यांना चोरून बोलणे रेकॉर्ड करून पाठवणारे ॲप आढळले नाही, मात्र काही ॲप्स पडद्याचे चित्रण बाहेर पाठवताना सापडली. फोन कोणत्या तालुक्यात आहे, हंगाम कोणता चालू आहे, त्याच वाय-फायवर बसलेल्या पुतण्याने काय शोधले, एवढी माहिती जाहिरातदाराला पुरेशी असते. नुसत्या जाहिरातींवरून हेरगिरीचा निष्कर्ष काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घरातले खासगी बोलणे ओळखीच्या माणसाला शब्दशः माहीत असणे ही मात्र वेगळी आणि गंभीर बाब आहे.

ठिपक्याचा माग

२०२१ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १२ पासून मायक्रोफोन किंवा कॅमेरा चालू झाला की हिरवी खूण दिसते. आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून मायक्रोफोनसाठी नारिंगी आणि कॅमेऱ्यासाठी हिरवा ठिपका दिसतो. ठिपका दिसताच पडदा वरून खाली ओढावा आणि त्या खुणेवर बोट ठेवावे. कोणते ॲप मायक्रोफोन वापरत आहे त्याचे नाव तेथे येते. ती वेळ हुकली तरी बिघडत नाही. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये गोपनीयता डॅशबोर्ड असतो आणि त्यात मागील चोवीस तासांत कोणत्या ॲपने केव्हा मायक्रोफोन घेतला, याची वेळेसह नोंद मिळते. तेथील तीन टिंबांच्या मेनूतून सिस्टम ॲप्सही दाखवण्याचा पर्याय निवडावा, नाहीतर यादी अपुरी दिसते.

ही यादी शांतपणे वाचावी लागते. व्हॉट्सॲपची नोंद तुम्ही व्हॉइस मेसेज पाठवला त्या वेळेशी जुळत असेल तर ती निर्दोष आहे. अनेक ज्येष्ठ मंडळी टाइप करण्याऐवजी कीबोर्डवरील माइकचे चिन्ह दाबून मराठीत बोलतात. त्याची नोंद कीबोर्डच्या किंवा गूगलच्या नावाने पडते आणि घरातले लोक विनाकारण घाबरतात. संशय घ्यावा तो पहाटे तीनच्या नोंदीचा, आणि ‘सिस्टम सर्व्हिस’, ‘सिंक’, ‘वाय-फाय’ अशी साळसूद नावे घेऊन बसलेल्या ॲपचा. अशा ॲपचे चिन्ह पडद्यावर सहसा दिसत नाही, म्हणून सेटिंग्जमधील सर्व ॲप्सची यादी वरपासून खालपर्यंत पाहावी.

येथे अँड्रॉइडचा एक नियम ठाऊक असलेला बरा. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून पडद्यामागे निपचित बसलेल्या ॲपला मायक्रोफोन मिळत नाही. ऐकत राहायचे असेल तर त्याला आपण चालू असल्याची सूचना सूचनापट्टीत दाखवावी लागते, किंवा ॲक्सेसिबिलिटीसारखी (डोळ्यांच्या किंवा कानांच्या अडचणी असलेल्यांसाठीच्या सोयींची) विशेष परवानगी मिळवावी लागते. त्यामुळे ‘अपडेट तपासत आहे’ किंवा ‘बॅटरी संरक्षण चालू’ अशी सूचना दिवसानुदिवस दिसत असेल, तर ती दाबून धरावी आणि ती कोणत्या ॲपची आहे ते पाहावे. मी स्वतः तपासणीची सुरुवात बहुतेक वेळा येथूनच करतो.

ठिपका हा पुरावा चांगला असला तरी अंतिम नाही. फोन रूट केलेला (म्हणजे त्याची मूळ बंधने तोडून पूर्ण ताबा घेतलेला) असेल किंवा हल्लेखोराने ऑपरेटिंग सिस्टीमच्या खोल भागात शिरकाव केला असेल तर खूण दाबून टाकता येते.

वाट कोणती होती

पहिली वाट व्हॉट्सॲपवरून आलेल्या एपीके फाइलची, म्हणजे जिच्यावर बोट ठेवले की अँड्रॉइडवर ॲप इन्स्टॉल होते त्या फाइलची. लग्नाची पत्रिका, आरटीओचे चलन, पीएम किसानचा हप्ता, वीजबिल, बँकेचे केवायसी अशा नावांनी ही फाइल येते, आणि ती ओळखीच्या माणसाकडून आली तरी त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असू शकतो. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. ती ॲप म्हणून इन्स्टॉल करण्याची गरज कधीही नसते. या फाइली प्रामुख्याने बँकेचे मेसेज आणि ओटीपी चोरण्यासाठी बनवलेल्या असतात, परंतु मागता मागता मायक्रोफोनही मागतात आणि घाईत सगळ्यालाच ‘अनुमती द्या’ म्हटले जाते. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आलेल्या अशा ॲपला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी सहज देता येत नाही, फोन ती अडवतो. म्हणूनच हल्ली भामटे फोनवर बोलत राहून, एकेक पायरी सांगत, तो अडसर माणसाच्याच हातून काढून घेतात. फोनवरून कोणी असे बटण दाबायला सांगत असेल तर संभाषण तेथेच तोडावे.

दुसरी वाट अधिक जवळची आणि, माझ्या पाहण्यात, अधिक नेहमीची: फोन दहा मिनिटे कोणाच्या तरी हातात असणे. हेरगिरीची बाजारी ॲप्स ‘मुलांवर देखरेख’ किंवा ‘कर्मचारी देखरेख’ या नावाने विकली जातात आणि ती बसवायला बहुधा फोन हातात आणि पिन ठाऊक असावा लागतो. गणपतीत किंवा शिमग्याला घर भरलेले असते, फोटो पाहायला फोन हातोहात फिरतो आणि पिन लहान मुलालाही माहीत असतो. दुरुस्तीच्या दुकानात स्क्रीन बदलण्यासाठी फोन पिनसह दिवसभर ठेवला जातो. सगळ्या दुकानदारांवर संशय घ्यावा असे मुळीच नाही, पण पिन लिहून देण्याची पद्धत सोडायला हवी. सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये ‘मेंटेनन्स मोड’ आणि पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’ आहे, तो चालू करून दिल्यास दुकानदाराला स्क्रीन तपासता येते आणि तुमची माहिती झाकलेली राहते.

तिसऱ्या वाटेकडे जवळजवळ कोणाचेच लक्ष जात नाही, आणि ‘काढले तरी परत येते’ या कोड्याचे उत्तर अनेकदा तेथेच असते. मुंबईचा चाकरमानी नवा फोन घेतो आणि जुना गावी आईवडिलांना देतो. त्यात गूगल खाते त्याचेच, किंवा ज्याने कोणी पूर्वी सेटिंग करून दिले त्याचे, तसेच राहते. गूगल खाते ज्याच्या हाती आहे तो संगणकावरून प्ले स्टोअरचे संकेतस्थळ उघडून त्या खात्याशी जोडलेल्या फोनवर ॲप दुरून इन्स्टॉल करू शकतो. फोनला हात लावण्याचीही गरज नाही. त्याच खात्यातून फोनचे ठिकाणही दिसते. मुलाने हे काळजीपोटी ठेवले असेल तर प्रश्न घरात बोलून सुटतो. परंतु खात्याचा पासवर्ड पूर्वीच्या जोडीदाराकडे, भागीदाराकडे किंवा काम सोडून गेलेल्या माणसाकडे असेल, तर ॲप कितीही वेळा काढले तरी ते परत येणार. मालवण-तारकर्लीकडील पर्यटन निवासांत आरक्षणासाठी ठेवलेला सामायिक फोन हे याचे नेहमीचे उदाहरण आहे.

चौथ्या प्रकारात फोन निर्दोष असतो आणि बोलणे दुसरीकडून बाहेर जाते. व्हॉट्सॲपमधील ‘जोडलेली डिव्हाइसेस’ ही यादी उघडून अनोळखी संगणक जोडलेला आहे का ते पाहावे. तसे असेल तर व्हॉइस मेसेजसह सगळी संभाषणे तेथे वाचली आणि ऐकली जातात. फोन ॲपच्या सेटिंग्जमध्ये कॉल फॉरवर्डिंग कोणत्या क्रमांकाकडे वळवले आहे तेही तपासावे.

पेगॅससचे नाव या चर्चेत हटकून निघते. इस्रायलच्या एनएसओ ग्रुप या कंपनीचे हे हेरगिरीचे साधन २०१९ मध्ये व्हॉट्सॲप कॉलमधील त्रुटीतून, कॉल न उचलताही, फोनमध्ये शिरत होते. २०२१ च्या जुलैमध्ये त्याविषयीचे वृत्त जगभर प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने चौकशीसाठी समिती नेमली. असे महागडे साधन पत्रकार, वकील, राजकीय कार्यकर्ते यांच्यावर रोखलेले असते. तसा धोका ज्यांना आहे त्यांनी आयफोनवरील ‘लॉकडाउन मोड’ (हल्ल्याच्या वाटा कमी करण्यासाठी फोनच्या अनेक सोयी बंद करणारी कडक स्थिती) वापरावा, अपडेट लांबवू नयेत आणि फोन नियमितपणे बंद करून पुन्हा चालू करावा. इतरांनी पेगॅससच्या भीतीत आपल्या पिनकडे दुर्लक्ष करू नये.

काढण्याआधी एक विचार

संशय घरातल्याच माणसावर असेल आणि त्याच्याकडून मारहाणीची किंवा धमकीची शक्यता असेल, तर ॲप ताबडतोब काढणे धोक्याचे ठरू शकते, कारण पलीकडच्याला ते लगेच कळते. अशा वेळी त्या फोनवरून काहीही शोधू नये आणि कोणाशी बोलू नये. शेजारणीचा किंवा विश्वासातल्या नातेवाइकाचा फोन वापरून १८१ ही महिला हेल्पलाइन किंवा तातडी असल्यास ११२ हा क्रमांक लावावा. डॅशबोर्डवरील नोंदी, ॲपचे नाव आणि त्याला दिलेल्या परवानग्या यांचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवावेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक संपर्कावर पाळत ठेवणे हा गुन्हा आहे, आणि हे फोटो तक्रारीत उपयोगी पडतात.

काढण्याचा क्रम

विमान मोड लावून सुरुवात करावी. नंतर सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस ॲडमिन ॲप्स’ (फोनवर विशेष अधिकार दिलेल्या ॲप्सची यादी) शोधून तेथील अनोळखी नावाचा अधिकार प्रथम काढावा, कारण तो असेपर्यंत अनइन्स्टॉलचे बटण दबत नाही आणि लोक समजतात की ॲप निघतच नाही. त्यापाठोपाठ ॲक्सेसिबिलिटी आणि ‘सूचना वाचण्याची परवानगी’ या दोन याद्या रिकाम्या कराव्यात. डोळ्यांच्या किंवा कानांच्या अडचणीसाठी तुम्ही स्वतः चालू केलेले साधन तेवढे ठेवावे. मगच ॲप काढावे. तरीही ते अडून बसले तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करावा: बहुतेक फोनवर पॉवरचे बटण धरल्यावर येणारा ‘पॉवर ऑफ’ हा पर्याय बोटाने दाबून धरला की सेफ मोडची विचारणा होते. त्या स्थितीत बाहेरून घातलेली ॲप्स चालत नाहीत, त्यामुळे ती निमूटपणे निघतात.

आता वाटा बंद करायच्या. ‘अज्ञात ॲप्स इन्स्टॉल करा’ या यादीत व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल्स या सर्वांपुढील परवानगी काढावी, आणि डाउनलोड तसेच व्हॉट्सॲप डॉक्युमेंट्स या फोल्डरमधील एपीके पुसून टाकावी. ती तशीच राहिली तर घरातले दुसरे कोणी तिच्यावर पुन्हा बोट ठेवते. प्ले स्टोअरमधील ‘प्ले प्रोटेक्ट’ ही घातक ॲप्स तपासणारी सोय चालू आहे का ते पाहावे, कारण हेरगिरीचे ॲप बसवणारा ते आधी बंद करतो. ते बंद सापडणे हाच एक भक्कम पुरावा आहे. पिन बदलून सहा अंकी करावा, त्यात जन्मसाल किंवा गाडीचा क्रमांक नसावा, आणि नोंदलेल्या बोटांच्या ठशांत परक्याचा ठसा नाही ना हेही पाहावे. ही शेवटची गोष्ट फार जण विसरतात.

विमान मोड काढण्यापूर्वी, दुसऱ्या स्वच्छ फोनवरून किंवा संगणकावरून गूगल खात्याचा पासवर्ड बदलावा, दोन टप्प्यांची पडताळणी लावावी आणि इतर सर्व डिव्हाइसेसवरून साइन आउट करावे. ज्या फोनवर संशय आहे त्याच फोनवर नवा पासवर्ड टाइप करणे म्हणजे तो पलीकडे कळवणेच. फोन दुसऱ्याच्या खात्यावर चालत असेल तर ते काढून वापरणाऱ्याचे स्वतःचे खाते घालावे. आयफोनवर सेटिंग्जमधील ‘जनरल’ या विभागात अनोळखी प्रोफाइल दिसल्यास काढावे आणि आयओएस १६ पासून मिळणाऱ्या ‘सेफ्टी चेक’मधून सामायिक केलेले प्रवेश एकदम तोडावेत.

एवढे करूनही ठिपका परतला तर फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोनमधील सारे पुसून तो नव्यासारखा करणे, हाच मार्ग उरतो. त्यापूर्वी फोटो आणि संपर्क वेगळे काढून ठेवावेत आणि स्वतःच्या गूगल खात्याचा पासवर्ड पाठ असल्याची खात्री करावी, नाहीतर रीसेटनंतर फोन अडकू शकतो. रीसेटनंतर जुन्या बॅकअपमधून सर्व ॲप्स परत आणण्याचा पर्याय नाकारावा आणि हवी ती ॲप्स प्ले स्टोअरमधून एकेक करून घ्यावीत. बाजारात ‘सॉफ्टवेअर मारून देतो’ असे सांगितले जाते. ते सॉफ्टवेअर कोठून आणले हे कळत नसल्यामुळे या कामासाठी कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रातच जावे. ज्या फोनला सुरक्षा अपडेट येणे थांबले आहे त्यावर बँकेचे व्यवहार ठेवू नयेत.

दोन उपाय मी सुचवत नाही. पहिला, माइकच्या भोकावर चिकटपट्टी लावण्याचा. आजच्या बहुतेक फोनमध्ये दोन किंवा अधिक मायक्रोफोन असतात, त्यामुळे पट्टीने फक्त तुमचाच आवाज पलीकडे बारीक ऐकू येतो. (खाऱ्या दमट हवेने भोकात ओल आणि कचरा साचला तरी तसाच आवाज येतो, त्याला हेर कारणीभूत नसतो.) दुसरा, ‘स्पाय डिटेक्टर’ नावाची फुकट ॲप्स, त्यांतील काही स्वतःच नको त्या परवानग्या मागतात. तपासणीसाठी ॲप हवेच असेल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राने सुचवलेली साधने घ्यावीत.

पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावे. पैसे गेले नसले तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. पुरावा म्हणून फोन द्यायचा असेल तर रीसेट करू नये.

स्वच्छ केलेल्या फोनवर पुढील आठवडाभर, खाली ओढायच्या पट्टीतील ‘मायक्रोफोन ॲक्सेस’ हे बटण रात्री बंद ठेवावे. तातडीच्या क्रमांकावरील कॉलला त्याने अडथळा येत नाही. रोज सकाळी डॅशबोर्ड पाहावा. नोंदी तुमच्या बोलण्याच्या आणि कॉलच्या वेळांशी जुळत असतील तर बटण पूर्ववत करावे. अँड्रॉइड ११ किंवा त्याआधीच्या फोनवर ठिपका आणि डॅशबोर्ड दोन्ही नसतात. तेथे परवानगी व्यवस्थापकातील मायक्रोफोनची यादी, ॲक्सेसिबिलिटीची यादी आणि प्ले प्रोटेक्टची स्थिती या तीन ठिकाणी महिन्यातून एकदा नजर टाकावी.